वाटून घेतलेले गणित : साथीचे रोग आणि घरोघरची यंत्रे

इसवी सन १८८९ च्या डिसेंबर महिन्यात कुंभकोणमच्या एका गरीब कुटुंबातील दोन वर्षांच्या मुलास देवी आल्या. ते वर्ष ह्या भागास फार वाईट गेले. तंजावर जिल्ह्यात त्या सुमारास देवीने चार हजारांच्या आसपास माणसे दगावली, असे चरित्रकार लिहितात. हे मूल मात्र वाचले. सारंगपाणी देवळासमोरच्या रस्त्यावरील ज्या लहानशा घरात ते वाढले, ते घर आज आपण गावी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास अभिमानाने दाखवितो. श्रीनिवास रामानुजन ह्यांच्या पाट्या, वह्या आणि प्रमेये ह्यांविषयी आपण पुष्कळ बोलतो; त्यांच्या त्या बालपणीच्या दुखण्याविषयी सहसा बोलत नाही. वस्तुतः त्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. देवीची लस मद्रासेस येऊन त्या वेळी सत्त्याऐंशी वर्षे झाली होती. असे असता एका जिल्ह्यात हजारो माणसे मरावीत, हे कसे घडले?

शास्त्र होते, औषध होते. ते असंख्य हातांनी वाटून घेण्याची व्यवस्था अपुरी होती, आणि त्या हातांचा त्यावरील विश्वास त्याहूनही अपुरा होता. साथीच्या रोगांचा इतिहास आपण बहुधा शोधांचा इतिहास म्हणून वाचतो. अमक्याने जंतू शोधला, तमक्याने लस काढली. ह्या लेखात तो वेगळ्या बाजूने पाहण्याचा विचार आहे. एका माणसास, एका संस्थेस, किंबहुना एका सरकारासही न पेलणारे काम लहान लहान वाटे करून लोकांनी उचलले, ते कसे उचलले, आणि ते त्यांनी राजीखुशीने उचलले की त्यांच्यावर लादले गेले, हे येथे पाहावयाचे आहे. २०२० साली जगभरच्या लाखो लोकांनी आपापल्या घरचे संगणक करोना विषाणूच्या अभ्यासास जोडून दिले, ही घटना ह्या मालिकेतील अगदी अलीकडची होय. तिचे नवेपण कशात आहे ते समजण्यास थोडे मागे जावे लागेल.

मराठीत ह्या रोगास 'देवी' म्हणतात, तमिळमध्ये 'अम्मै'. दोन्ही भाषांनी रोगास आईचे नाव द्यावे, हा केवळ योगायोग नव्हे. तंजावरजवळील पुन्नैनल्लूरच्या मारियम्मनचे देवस्थान आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. त्याची आख्यायिका व्यंकोजीराजे भोसल्यांशी जोडलेली आहे. महाराष्ट्रातून आलेल्या राजघराण्याने येथील रोगनिवारक अम्मनला आपली मानली, ह्यात भक्ती होती तशी भीतीही होती. रोग म्हणजे देवतेचा संचार असेल, तर त्यावर सुईने उपाय करणे ही तिची अवज्ञा ठरते. लस टोचणाऱ्यांच्या वाटेत जी मनाची अडचण होती ती अशी होती. तिला केवळ अज्ञान म्हणून हसणे सोपे असले तरी न्यायाचे नाही.

इंग्लंडात एडवर्ड जेन्नर ह्याने १४ मे १७९६ रोजी गाईच्या देवीची लस प्रथम टोचली. पण ती हिंदुस्थानात आणणे फार कठीण गेले. लस म्हणजे फोडातला ओला द्रव. जहाजाचा प्रवास कित्येक महिन्यांचा, त्यात विषुववृत्ताची उष्णता. दोऱ्यावर किंवा काचेवर वाळवून पाठविलेली लस वाटेतच निकामी होई. अखेर ती खुश्कीच्या मार्गाने आली. व्हिएन्नाहून कॉन्स्टॅन्टिनोपल, तेथून बगदाद, बगदादहून बसरा आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती लागू पडली. तिच्या दंडावरील फोडातून आणखी पाच मुलांना टोचले गेले, त्या मुलांवरून आणखी मुलांना. अशा रीतीने दंडावरून दंडावर चालत ती लस पुणे, सुरत, हैदराबाद, सिंहलद्वीप आणि मद्रास येथे गेली, व त्याच वर्षअखेरीस कलकत्त्यासही पोचली.

ह्या रीतीचे स्वरूप नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. लस कोणत्याही कोठारात नव्हती. ती माणसांच्या साखळीत होती. एका मुलाच्या दंडावर फोड पिकला की आठवडाभराच्या आत दुसरे निरोगी मूल तयार हवे. ते न मिळाले तर दुवा तुटला, आणि लसही संपली. स्पेनच्या राजाने १८०३ साली डॉक्टर बाल्मिस ह्याच्या हाताखाली जी मोहीम अमेरिकेस पाठविली, तीत बावीस अनाथ मुलगे जहाजावर घेतले होते, ते एवढ्यासाठीच. समुद्र ओलांडेपर्यंत साखळी जिवंत राहावी म्हणून. पुढे मेक्सिकोहून फिलिपीन्सला जाताना आणखी सव्वीस मुलगे घेतले गेले. वैद्यकाच्या इतिहासात ही मोहीम मोठ्या गौरवाने सांगितली जाते व तो गौरव खोटा नाही. तथापि त्या अनाथ मुलांस, अथवा मुंबईच्या त्या तीन वर्षांच्या मुलीस, कोणी काही विचारले होते काय? लसीचा भार ज्यांनी आपल्या दंडावर वाहिला त्यांस स्वयंसेवक म्हणता येत नाही. ॲनाचे नाव तरी नोंदले गेले. तिच्यानंतरच्या हजारोंची नावे इतिहासाने ठेवली नाहीत.

ज्या वर्षी ही लस मद्रासेस आली त्या वर्षी तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे होते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला होता. राजास राहिला तो किल्ला, मानमरातब आणि भरपूर वेळ. त्या वेळेचे त्यांनी काय केले हे सरस्वती महाल ग्रंथालयात गेलेल्या कोणासही दिसते. धन्वंतरी महाल ही त्यांची वैद्यकीय संस्था. तेथे सिद्ध, आयुर्वेद, युनानी आणि युरोपीय अशा सर्व पद्धतींची औषधे पारखली जात. नेत्ररोग्यांची जी टिपणे उपलब्ध आहेत, त्यांत रोग्याच्या डोळ्याचे रंगीत चित्र, तक्रार, उपचार आणि परिणाम असे लिहून ठेवलेले आहे. औषध देऊन थांबावयाचे नाही, त्याचे काय झाले ते दुसऱ्यास वाचता येईल असे लिहून ठेवावयाचे, ही दृष्टी त्या काळी युरोपातही सार्वत्रिक नव्हती. ओरत्तनाड येथील मुक्तांबाळ छत्रात आणि तंजावरच्या इतर छत्रांत वाटसरूंस अन्नाबरोबर औषधपाणीही मिळे. जात वा गाव न पाहता येणाऱ्याची सोय करावयाची ही छत्राची रीत आपल्या पूर्वजांनी ह्या मातीत रुजविली, एवढे येथे नमूद करून पुढे जाऊ.

शंभर वर्षांनी जी साथ आली तिने दुसऱ्या टोकाचा धडा दिला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर आकासिओ व्हिएगश ह्या गोमंतकीय वैद्याने प्लेगचे रोगी ओळखले. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. चार लहान कलमांचा हा कायदा इतका व्यापक होता की २०२० साली करोनाच्या वेळी राज्य सरकारांनी तोच पेटीतून बाहेर काढला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरांची झडती घेतली, माणसे विलगीकरणाच्या छावण्यांत नेली, सामान जाळले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत झाला, तो महाराष्ट्रास सांगावयास नको. मद्रास इलाख्यात सोजिर आले नाहीत, पण बाधित भागांतून येणाऱ्या प्रवाशास 'प्लेग पासपोर्ट' बाळगून ठरलेल्या दिवसांपर्यंत रोज हजेरी द्यावी लागे. २०२० मध्ये ज्यांनी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यासाठी ई-पासकरिता रात्र रात्र अर्ज भरले, त्यांना ह्या जुन्या पासपोर्टाची कल्पना सहज करता येईल.

त्याच दिवसांत दुसऱ्या प्रकारचे कामही चालले होते. लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय चालविले. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत ह्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. त्या सेवेतच सावित्रीबाईंस लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत हाफकिन ह्याने तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील जे कैदी आपखुशीने तयार झाले त्यांना ती टोचली. कैद्याची आपखुशी कितपत आपखुशी असते, हा प्रश्न मनात येतोच. तरी सुद्धा सरकारी झडतीपुढे दारे बंद करणारे लोक आणि स्वतःच्या दंडावर पहिली सुई घेणारा शास्त्रज्ञ ह्यांतील अंतर पाहिले म्हणजे सक्ती व सहभाग ह्यांतला भेद कळतो. सक्तीने माणूस छावणीत नेता येतो, त्याच्याकडून मनापासून वाटा घेता येत नाही.

काम वाटून घेण्याची आणखी एक परंपरा ह्याच देशात वाढत होती, आणि तिचा रोगराईशी तेव्हा काही संबंध नव्हता. ती गणिताची परंपरा होय. 'कंप्यूटर' हा शब्द मुळात यंत्राचा नव्हे; आकडेमोड करण्यासाठी पगारावर नेमलेल्या माणसाचे ते पदनाम होते. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीत असे अनेक कंप्यूटर होते. त्या मोजणीचा एक प्रसंग आपल्या शेजारीच घडला. १८०८ साली कर्नल लॅम्टनच्या माणसांनी त्याचे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट यंत्र तंजावरच्या बृहदीश्वराच्या मंदिरावर चढवावयास घेतले. दोर तुटला आणि यंत्र दगडावर आदळून वेडेवाकडे झाले. लॅम्टनने सहा आठवडे तंबूत बसून ते पुन्हा सरळ केले. ह्या प्रचंड मोजणीचे आकडे पुढे कलकत्ता आणि डेहराडून येथील कचेऱ्यांत अनेक माणसे वाटून घेऊन सोडवीत. त्यांचा मुख्य कंप्यूटर राधानाथ सिकदर ह्याच्या गणिताने हिमालयातील पंधरा क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच ठरले. शिखरास नाव मात्र एव्हरेस्टचे मिळाले. १९२२ साली रिचर्डसन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने तर अशी कल्पना मांडली होती की, एका भव्य गोल दिवाणखान्यात चौसष्ट हजार गणक बसवावेत, प्रत्येकाने पृथ्वीच्या एका तुकड्याचे हवामान सोडवावे, आणि मध्यभागी उंच चौथऱ्यावरून एकाने सर्वांची गती सांभाळावी. असा दिवाणखाना कधी बांधला गेला नाही.

तो एका परीने बांधला गेला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि त्यास भिंती नव्हत्या. तोपर्यंत गणक म्हणजे यंत्र झाले होते व ते घरोघरी पोचले होते. घरचा संगणक दिवसाचा बहुतेक काळ रिकामाच असतो. मालक चहा घेत असतो, झोपलेला असतो, किंवा नुसता पडद्याकडे पाहत असतो. हा रिकामा वेळ मागून घ्यावा, ही कल्पना अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात मोठ्या प्रमाणावर अमलात आली. १७ मे १९९९ रोजी 'सेटी ॲट होम' हा उपक्रम सुरू झाला. दुर्बिणीने टिपलेल्या अवकाशातील लहरींचे तुकडे करून लाखो घरी पाठवावयाचे, त्यांत परग्रहावरील बुद्धिमंतांची काही खूण सापडते का ते त्या यंत्रांनी पाहावयाचे. खूण सापडली नाही. पण एक पद्धत सापडली. तिच्यातूनच 'बॉइंक' नावाची सर्वांस खुली अशी व्यवस्था तयार झाली आणि गणितापासून हवामानापर्यंत अनेक विषयांचे उपक्रम तिच्यावर चालू लागले.

अनोळखी माणसाच्या यंत्रावर विश्वास कसा ठेवावयाचा, ही शंका कोणासही येईल. त्या यंत्रात बिघाड असेल, कोणी मुद्दाम खोटे उत्तर धाडील. ह्यावर बॉइंकने योजलेला उपाय आम्हां सरकारी नोकरांस परिचयाचा वाटावा असा आहे. एकच तुकडा एकमेकांस न ओळखणाऱ्या दोन ठिकाणी पाठवितात. उत्तरे जुळली तरच ती ग्राह्य, न जुळल्यास तिसऱ्याकडे. कचेरीत एकाच टिपणीवर तीन सह्या घेतात त्यातला हेतू हाच आहे, जरी आमच्याकडे तिसरी सही होईपर्यंत अर्जदार निवृत्त होतो! आणि एखादे घर गप्पच राहिले, उत्तर आलेच नाही, तर तो तुकडा ठरावीक मुदतीनंतर दुसऱ्या घरी जातो. दंडावरून दंडावर जाणाऱ्या लसीत एक दुवा तुटला की सर्वस्व जात होते. येथे दुवे तुटणार हे गृहीत धरूनच साखळी विणलेली आहे.

अर्थात प्रत्येक काम असे वाटून देता येत नाही. सारंगपाणीचा रथ ओढावयाचा असेल तर शेकडो माणसांनी एकाच क्षणी, एकाच दोराला, एकाच हुंकारासरशी हात घालावा लागतो. 'तू सकाळी ओढ, मी सवडीने संध्याकाळी ओढतो' असे म्हणून रथ तसूभर हलणार नाही. उलट कावेरीकाठच्या भाताची कापणी दहा जणांनी दहा वाफ्यांत आपापल्या वेळी केली तरी धान्य एकाच खळ्यावर येते. घरोघरच्या संगणकांस कापणीसारखी कामे जमतात, रथासारखी जमत नाहीत. मोठमोठे महासंगणक लागतात ते रथासारख्या कामांसाठी. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली उभा केलेला 'परम ८०००' हा त्या जातीचा. परदेशाने महासंगणक देण्यास नकार दिल्यावर तो झाला, आणि त्याची कहाणी मराठी माणसाने आवर्जून वाचावी अशी आहे. पण तो ह्या लेखाचा विषय नव्हे.

आता प्रत्यक्ष रोगाकडे वळू. आपल्या शरीरातील आणि विषाणूतील बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे मण्यांच्या लांब माळेसारखी साखळी. ती स्वतःभोवती घड्या घालून विशिष्ट आकार धारण करते, आणि तो आकार बिघडला की रोग होतो. ह्या घड्यांचा अभ्यास करण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात विजय पांडे ह्यांनी २००० साली 'फोल्डिंग ॲट होम' सुरू केले. सूक्ष्मदर्शकाने प्रथिनाचे चित्र मिळते, पण ते स्थिर चित्र असते. ते हलते कसे हे त्यात दिसत नाही. म्हणून त्यातील प्रत्येक अणूवर कोणते बल पडते व तो पुढच्या क्षणी कोठे असेल, हे गणिताने काढतात. हा 'पुढचा क्षण' इतका लहान घ्यावा लागतो की सेकंदाच्या एक हजाराव्या भागातील हालचाल दाखविण्यास सुमारे पन्नास हजार कोटी पावले मोजावी लागतात. एका यंत्रास त्यात जन्म जाईल. पांडे ह्यांच्या मंडळींनी युक्ती काढली ती अशी की, एकच लांबलचक हालचाल मोजण्याऐवजी निरनिराळ्या स्थितींपासून सुरू होणाऱ्या हजारो आखूड हालचाली निरनिराळ्या घरी मोजावयाच्या, आणि संख्याशास्त्राच्या आधारे त्या एकत्र जोडून संपूर्ण चित्र तयार करावयाचे. रथाचे काम त्यांनी कापणीचे करून घेतले. ह्या उपक्रमातील खरी प्रतिभा, माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधरास कळते तेवढ्यावरून, यंत्रांच्या संख्येपेक्षा ह्या एका युक्तीत आहे.

२०२० च्या आरंभी ह्या उपक्रमात सुमारे तीस हजार यंत्रे होती व त्याचे नेतृत्व सेंट लुइस येथील ग्रेग बोमन ह्यांच्याकडे होते. फेब्रुवारीअखेर त्यांनी करोना विषाणूचा अभ्यास हाती घेत असल्याचे जाहीर केले. मार्च महिन्यात एकामागून एक देश घरात बसले. आणि घरात बसलेल्या, काय करावे हे न सुचणाऱ्या माणसांनी आपली यंत्रे पुढे केली. चार लाखांहून अधिक नवे स्वयंसेवक काही आठवड्यांत आले, पुढे संख्या दहा लाखांवर गेली. त्यांतील फार मोठे बळ खेळांसाठी घेतलेल्या यंत्रांचे होते. पडद्यावर लढाया खेळणाऱ्या मुलांच्या संगणकांत चित्रे वेगाने रंगविणारा जो भाग असतो, तोच अणूंच्या गणितास उत्तम उपयोगी पडतो. ज्या यंत्रावरून घरोघरी आईबापांची बोलणी खाल्ली जात होती, तेच यंत्र रात्री विषाणूचे गणित करीत होते.

मार्चअखेर ह्या विखुरलेल्या यंत्रांची एकत्रित गती सेकंदास एकावर अठरा शून्ये इतक्या क्रियांपलीकडे गेली. आपल्या जुन्या संख्यागणनेत शेवटचे नाव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये. ही गती त्याच्याही दसपट. एप्रिलमध्ये तर ती जगातील सर्वश्रेष्ठ पाचशे महासंगणकांच्या एकूण गतीहून अधिक झाली. एका जागी असलेल्या महासंगणकास हा टप्पा अधिकृतपणे गाठावयास २०२२ चा मे महिना उजाडावा लागला. मधल्या काळात एक गमतीदार अडचण आली. लोक इतके आले की त्यांना वाटून देण्यास कामाचे तुकडेच पुरेनात. यंत्रे रांगेत उभी राहून काम मागत होती, आणि तुकडे पाडणारी यंत्रणा धापा टाकीत होती. लग्नघरी वाढपी उदंड आणि भात अजून चुलीवर, अशी स्थिती. नवी यंत्रणा जोडून ती दूर करावी लागली.

ह्या श्रमातून काय मिळाले? विषाणूच्या पृष्ठभागावर काट्यासारखे जे प्रथिन असते, ते आपल्या पेशीस चिकटण्यापूर्वी उघडते. ते किती मोठ्या प्रमाणात उघडते, व उघडताना त्याचे कोणते भाग उघडे पडतात, हे ह्या गणिताने दाखविले. स्थिर चित्रांत न दिसणाऱ्या, औषध जाऊन बसू शकेल अशा पन्नासाहून अधिक गुप्त खोबणी निरनिराळ्या प्रथिनांत आढळल्या. हा वृत्तान्त २०२१ साली 'नेचर केमिस्ट्री' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इतक्या लाखो घरांच्या कष्टातून मिळालेल्या हालचालीचा एकूण काळ केवढा? सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. 'कोविड मूनशॉट' नावाच्या दुसऱ्या प्रयत्नात जगभरच्या रसायनतज्ज्ञांनी औषधी रेणूंच्या कल्पना विनामूल्य पाठविल्या, त्यांतील कोणते रेणू विषाणूस घट्ट चिकटतील ते घरोघरच्या यंत्रांनी मोजले, आणि सर्व माहिती एकस्व न घेता खुली ठेवली. सिएटल येथील 'रोझेटा ॲट होम' आणि 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड' ह्यांवरही अशीच कामे चालली. रोझेटामागील प्रथिनरचनेच्या अभ्यासाबद्दल डेव्हिड बेकर ह्यांस २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

येथे उत्साहास आवर घालणे प्राप्त आहे. २०२० आणि २०२१ च्या लाटांत रोग्याच्या हाती पडेल असे औषध ह्या गणितातून निघाले नाही. साथ आटोक्यात आली ती लसीने, परिचारिकांनी, प्राणवायूच्या नळकांड्यांनी आणि स्मशानात अहोरात्र राबणाऱ्या माणसांनी. ३० जानेवारी २०२० रोजी केरळात देशातील पहिला रोगी निश्चित झाला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीने. १६ जानेवारी २०२१ पासून देशभर जी लस दिली गेली तिचा मोठा वाटा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा होता. संगणकाने दाखविलेली खोबण आणि रोग्याच्या जिभेवरची गोळी ह्यांत प्रयोगशाळा, प्राण्यांवरील चाचण्या, माणसांवरील चाचण्या आणि कारखाना अशी वर्षांची वाट असते. जे वृत्तपत्रवाले त्या दिवसांत 'घरच्या संगणकाने करोना हरविला' अशा थाटात लिहीत, त्यांनी स्वयंसेवकांची सेवा केली नाही; वाट किती लांब आहे हे न सांगितल्याने कित्येक जण पहिल्या उन्हाळ्यानंतर निघून गेले.

पण जे निघून गेले त्यांना निघून जाता आले, हीच ह्या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट मला वाटते. १८०२ च्या मुलीस नाही म्हणता आले नाही. १८९७ च्या पुणेकरास दार लावता आले नाही. २०२० च्या स्वयंसेवकाने एक कळ दाबून काम घेतले आणि दुसरी कळ दाबून ते सोडले. त्याचा तुकडा दुसऱ्याकडे गेला आणि कापणी चालू राहिली. अशा स्वातंत्र्यावर मोठे काम उभे राहू शकते, हे रँडसाहेबास कोणी पटवून देऊ शकले नसते. ह्या दानाची मर्यादाही सांगितली पाहिजे. महागडे यंत्र, अखंड वीज आणि जलद जोडणी ज्याच्या घरी आहे त्यालाच ते करता येते. आपल्या देशातील बहुसंख्य घरे त्या वेळी मुलांच्या शाळेसाठी एका भ्रमणध्वनीवर भागवीत होती.

आपल्या देशात ह्याहून साध्या साधनांनी झालेले एक काम मला अधिक जवळचे वाटते. २०२० च्या मार्चमध्ये काही तरुणांनी 'कोविड १९ इंडिया' ह्या नावाने देशातील रोग्यांची गणना मांडण्यास आरंभ केला. प्रत्येक राज्य सरकार रोज संध्याकाळी पत्रक काढी. कोणाचे इंग्रजीत, कोणाचे प्रादेशिक भाषेत, कोठे आकडे तक्त्यात तर कोठे चित्रात. निरनिराळ्या गावी बसलेले हे स्वयंसेवक ती पत्रके वाचून, एकमेकांची नोंद तपासून, जिल्हावार आकडे रोजच्या रोज प्रसिद्ध करीत. येथे यंत्राचा रिकामा वेळ नव्हता. माणसांची झोप होती. तंजावर जिल्ह्यात आज किती, पुण्यात किती, हे आपण ज्या तक्त्यांवर धास्तावून पाहत होतो, त्यांतील अनेकांच्या मुळाशी ही नोंद होती. संशोधकांनी आणि वृत्तपत्रांनी तिचा आधार घेतला. बहुतेक स्वयंसेवकांनी आपली नावे पुढे केली नाहीत. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांनी हे काम आगाऊ सूचना देऊन थांबविले आणि जमविलेली सर्व माहिती कोणासही वापरता येईल अशी खुली ठेवली. रोग्याच्या डोळ्याची चित्रे टिपणाऱ्या धन्वंतरी महालातील लेखकांस ह्या तरुणांची जात ओळखू आली असती.

ज्या 'सेटी ॲट होम'पासून हे सारे सुरू झाले, त्याने स्वयंसेवकांस नवे तुकडे देणे ३१ मार्च २०२० रोजी, म्हणजे जग घरात बसले असतानाच, थांबविले. त्यातले अनेक जण आपली यंत्रे घेऊन सरळ विषाणूच्या कामाकडे वळले. दुसऱ्या एका उपक्रमाचे नाव कुंभकोणमकरांस ऐकून बरे वाटेल. इस्राएलच्या हैफा येथील टेक्नियन संस्थेतील संशोधकांनी पाय आणि त्यासारख्या मूलभूत संख्यांची नवी सूत्रे यंत्राकडून सुचवून घेण्याची पद्धत बसविली, आणि तिचा वृत्तान्त २०२१ च्या फेब्रुवारीत 'नेचर'मध्ये आला. पुराव्यावाचून सूत्र आधी दिसावे आणि सिद्धता मागाहून यावी, ही रीत ज्याची, त्याचेच नाव त्यांनी तिला दिले : रामानुजन मशीन. तिच्या शोधाचे तुकडेही बॉइंकच्या मार्गाने स्वयंसेवकांच्या घरी वाटले गेले. 'फोल्डिंग ॲट होम'चे काम साथ ओसरल्यावरही बंद पडले नाही. त्याचे गणित पुन्हा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश ह्यांच्याकडे वळले.